आधी विचारणारी

१९५६च्या ऑक्टोबर महिन्यात ओक्लाहोमातल्या स्टिलवेल गावच्या स्टेशनावरून एक चेरोकी, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूलनिवासी जमातीतलं, कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला निघालं. चार्ली मॅनकिलर, त्यांची बायको आयरीन आणि पोरंबाळं. विल्मा ही एकूण अकरा भावंडांतली सहावी. अकरा पूर्ण व्हायला तिला अजून महिनाभर अवकाश होता. जायचं की नाही, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. पुढे आत्मचरित्रात तिने लिहिलं की त्या दिवसांत डोळ्यांतून आलेलं पाणी एकट्या तिचं नव्हतं, ते तिच्या लोकांच्या इतिहासातून आलेलं होतं.

ही विल्मा मॅनकिलर पुढे चेरोकी नेशनची, म्हणजे चेरोकींचा कारभार चालवणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या सरकारची, प्रमुख झाली. या पदावर निवडून आलेली ती पहिली स्त्री. तिची ओळख सगळीकडे अशीच करून दिली जाते आणि ती खरीही आहे. पण मी तिच्यापर्यंत दुसऱ्याच वाटेने पोचले. धाराशिव-बीडकडच्या गावांमध्ये पाणीपुरवठ्याच्या योजनांसाठी सभा घेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्या काळात कधीतरी एका प्रशिक्षणाच्या कागदांमध्ये 'बेल' नावाच्या वस्तीतल्या पाइपलाइनची हकिगत हाती आली. ती वाचल्यावर त्या बाईचं मिळेल ते वाचत गेले. प्रमुखपदाची गोष्ट मला त्या मानाने बरीच उशिरा कळली.

आधी ते कुटुंब गाव सोडून का निघालं, ते सांगते.

विल्माच्या आजोबांना, म्हणजे जॉन मॅनकिलर यांना, सरकारी वाटणीत १६० एकर जमीन मिळाली होती. 'मॅनकिलर फ्लॅट्स' हे त्या जागेचं नाव. विसाव्या शतकाच्या तोंडावर सरकारने चेरोकींची सामाईक जमीन तोडून माणशी तुकडे पाडले, तेव्हाचा हा तुकडा. त्यावर वडिलांनी स्वतःच्या हाताने चार खोल्यांचं पत्र्याचं घर बांधलं होतं. घरात वीज नव्हती, नळ नव्हता. पाणी झऱ्यावरून वाहून आणायचं. ओढगस्त होती, पण शेजारीपाजारी आपले होते, बोली आपली होती, रान ओळखीचं होतं. मग पाऊस दडी मारून बसला आणि कुटुंबाचं पुरतं कंबरडं मोडलं. नेमक्या त्याच काळात सरकारी माणसं चित्रांची पत्रकं घेऊन फिरत होती. शहरात चला, नोकरी देतो, घर देतो, मुलं शिकतील.

मूलनिवासींना जमिनीवरून उठवून शहरात विखरायचं आणि हळूहळू त्यांची राष्ट्रंच कागदावरून पुसून टाकायची, असं ते धोरण होतं. १९५३ साली अमेरिकी काँग्रेसने तसा ठरावच केला होता. या स्थलांतराला जोर देणारा अधिकारी डिलन मायर. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना ज्या छावण्यांत डांबलं, त्या छावण्यांचा कारभार याच माणसाकडे होता. युद्ध संपलं आणि काही वर्षांनी त्याला ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्सचा, म्हणजे मूलनिवासींचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याचा, प्रमुख केलं. त्याची नेमणूक करणाऱ्यांच्या लेखी दोन्ही कामं एकाच जातीची असणार. माणसं उचलायची, दुसरीकडे ठेवायची, आणि हे तुमच्याच भल्यासाठी आहे म्हणून सांगायचं.

सॅन फ्रान्सिस्कोत या कुटुंबाची आधी टेंडरलॉइन भागातल्या एका हॉटेलात सोय झाली. पहिल्या रात्री खालच्या रस्त्यावरून सायरन वाजत गेला. असा आवाज पोरांनी आयुष्यात ऐकला नव्हता. कुठलं तरी रानटी जनावर ओरडतंय असं त्यांना वाटलं. लिफ्टही त्यांनी कधी पाहिली नव्हती. माणसं एका खोक्यात शिरतात आणि दार उघडतं तेव्हा आत भलतीच माणसं दिसतात. टेलिफोन, निऑनचे दिवे, सगळंच नवं. शाळेत हजेरीला 'मॅनकिलर' पुकारलं की वर्ग हसायचा. जुन्या काळी गावाच्या रक्षणाची जबाबदारी ज्याच्याकडे असे, त्याच्या हुद्द्यावरून आलेलं हे आडनाव आहे, हे त्या वर्गाला कुणी सांगायचं? वडील आणि थोरला भाऊ दोरखंडाच्या कारखान्यात लागले. विल्मा घरातून पळून जायची. पुन्हा पुन्हा पळायची, ते आजोळी. मोडेस्टोजवळ रिव्हरबँकला आजीकडे गाईंचा पसारा होता. शेवटी आईवडिलांनी तिला वर्षभर तिथेच राहू दिलं.

हे सगळं मी इतकं रेंगाळून सांगते आहे, कारण पुढे तिने जे काम केलं त्याचं मूळ मला इथे दिसतं. दुसऱ्याने परस्पर ठरवून दिलेलं 'भलं' कसं असतं, हे तिने दहाव्या वर्षी अंगावर घेतलं होतं.

चेरोकींना ते नवं नव्हतंच. जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलिना या भागांतल्या डोंगरदऱ्यांत त्यांची गावं होती, शेतीवाडी होती, लिखित संविधान होतं. सेक्वोया या माणसाने १८२१च्या सुमारास एकट्याने चेरोकी लिपी घडवली आणि १८२८ साली त्या लिपीत वर्तमानपत्र निघू लागलं. सर्वोच्च न्यायालयाने १८३२ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. तरी १८३८-३९ मध्ये सैन्य लावून त्यांना घराबाहेर काढलं आणि पार ओक्लाहोमापर्यंत नेलं. सुमारे सोळा हजार माणसं. त्यांतली चारेक हजार छावण्यांत आणि वाटेवर थंडीने, रोगराईने, उपासमारीने गेली. या वाटेला 'ट्रेल ऑफ टिअर्स' म्हणतात. नव्या जागी त्यांनी पुन्हा घरं बांधली, न्यायालयं उभी केली, १८५१ साली मुलींसाठी उच्च शिक्षणाची संस्थासुद्धा काढली. त्याच सुमाराला पुण्यात सावित्रीबाई शाळेच्या वाटेवर शेणगोळे झेलत होत्या. मग १९०७ साली ओक्लाहोमा राज्य झालं आणि चेरोकींचं सरकार जवळपास मोडीत निघालं. पुढे कित्येक वर्षं त्यांचा प्रमुख अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष नेमत. कधी कधी तर एखाद्या कागदावर सही हवी म्हणून एका दिवसापुरता नेमत. आपला प्रमुख आपण निवडायचा हक्क चेरोकींना परत मिळाला तो थेट १९७० सालच्या कायद्याने.

त्या वेळी विल्मा सॅन फ्रान्सिस्कोतच होती. सतरा-अठराव्या वर्षी तिने एका इक्वाडोरी तरुणाशी लग्न केलं होतं आणि पदरात दोन लहान मुली होत्या. १९६९च्या नोव्हेंबरात मूलनिवासी विद्यार्थ्यांनी अल्काट्राझ बेटावरचा बंद पडलेला तुरुंग ताब्यात घेतला. एकोणीस महिने ते बेट त्यांनी सोडलं नाही. विल्माची चार भावंडं तिथे जाऊन राहिली. ती स्वतः ये-जा करायची, किनाऱ्यावर राहून पैसे आणि सामान गोळा करायची. आपल्या मनात जे होतं ते बोलणारी माणसं तिला पहिल्यांदा तिथे भेटली, असं तिने नंतर अनेकदा सांगितलं. नवऱ्याला तिचं हे बाहेर पडणं खपत नव्हतं. तिने त्याला न विचारता एक लहानशी लाल माझ्दा गाडी घेतली आणि मुलींना मागे बसवून कॅलिफोर्नियाभर मूलनिवासींच्या सभांना जाऊ लागली. पिट रिव्हर भागातल्या लोकांचा एका बलाढ्य वीज कंपनीशी जमिनीवरून झगडा चालला होता. त्यांच्या कायदेशीर लढ्यासाठी ती विनामोबदला राबली. करार कसे वाचायचे, अर्ज कसे लिहायचे, हे ती तिथे शिकली. १९७१ साली वडील मूत्रपिंडाच्या आजाराने गेले. तोच आजार वारशाने तिच्याकडेही आला होता. १९७४ साली घटस्फोट झाला आणि त्यानंतर दोनेक वर्षांत मुलींना घेऊन ती ओक्लाहोमाला परतली. नोकरी नाही, गाडी नाही. आई आधीच गावी परतली होती, तेवढाच आधार.

चेरोकी नेशनच्या कचेरीत १९७७ साली तिला काम मिळालं. वेगवेगळ्या सरकारी निधींसाठी अर्ज लिहायचे आणि पैसे आणायचे, हे तिला चांगलं जमायचं. शेजारच्या अर्कान्सा विद्यापीठात सामुदायिक नियोजनाचा अभ्यासही सुरू केला. आणि मग १९७९च्या नोव्हेंबरात, खेड्याच्या दुपदरी रस्त्यावर, चढावाच्या माथ्यावर समोरून ओव्हरटेक करत आलेली गाडी तिच्या गाडीवर आदळली. समोरच्या गाडीत तिची जिवाभावाची मैत्रीण होती. ती वाचली नाही. विल्माचा चेहरा आणि दोन्ही पाय चिरडले होते. पुढे सतरा शस्त्रक्रिया झाल्या. मैत्रीण गेल्याचं तिला लगेच सांगितलं नव्हतं.

बरी होतेय असं वाटेपर्यंत हातातून वस्तू गळायला लागल्या. कंगवा धरवेना, दात घासवेनात, एकाच्या जागी दोन दिसायला लागलं. काय होतंय ते कळेना. टीव्हीवर स्नायूंच्या आजारांसाठी निधी गोळा करणारा एक कार्यक्रम चालू होता, त्यात एक बाई आपली लक्षणं सांगत होती. ती ऐकताना विल्माला आपलं दुखणं सापडलं. मायस्थेनिया ग्रॅव्हिस. १९८०च्या नोव्हेंबरात छातीतली थायमस ग्रंथी काढली. दोन-तीन महिन्यांत बाई पुन्हा कामावर हजर. म्हाताऱ्या चेरोकींकडून तिने ऐकलं होतं की मन चांगलं ठेवायचं, जे वाट्याला आलं त्यातून बरी वाट काढायची. आपल्याकडचे वडीलधारे हेच सांगतात आणि आपण ते ऐकून सोडून देतो. तिने ते औषधासारखं घेतलं.

आता बेल.

बेल म्हणजे अडेर काउंटीतली डोंगराळ, खडकाळ वस्ती. साडेतीनशेच्या आसपास माणसं, बहुतेक सगळी चेरोकी. घरात चेरोकी बोलणारी. बऱ्याच घरांत नळ नव्हता. घरं मोडकळीला आलेली, तरुण पोरं गाव सोडून चाललेली. शाळा बंद पडते की काय अशी अवस्था. बाहेरच्यांच्या तोंडी बेलचं नाव नेहमी नाक मुरडूनच. तिथले लोक आळशी, दारुडे, भांडकुदळ. अशा गावांबद्दल बोलतात तसं. 'तुम्ही तिथे काय करणार, ते लोक काही करत नाहीत,' हे वाक्य मीही किती कचेऱ्यांत ऐकलंय!

विल्माने काय केलं? सभा घेतली आणि विचारलं. पहिल्या सभांना फारसं कुणी आलंच नाही. पुन्हा घेतली. तिच्यासोबत चार्ली सोप होता, चेरोकी मातृभाषा असलेला, कमी बोलणारा, लोकांच्या ओट्यावर जाऊन बसणारा माणूस. विल्माला भाषा तितकी सफाईने येत नव्हती, त्यामुळे म्हाताऱ्यांशी बोलणं त्याच्याकडे. गावाला काय हवंय हे त्यांनी आधी ठरवून नेलं नव्हतं. विल्माचा स्वतःचा अंदाज होता की लोक शाळेबद्दल, मुलांच्या शिक्षणाबद्दल काहीतरी मागतील. लोकांनी पाणी मागितलं.

मग अट अशी ठरली की निधी, सामान आणि तांत्रिक मदत आम्ही आणतो, चर खणायचे आणि पाइप टाकायचे ते गावाने. मजुरी नाही. सोळा मैलांची पाइपलाइन, म्हणजे सव्वीसेक किलोमीटर. तीसुद्धा खडकातून.

इथे मला थोडं थांबायचंय. आमच्याकडच्या योजनांमध्ये दहा टक्के लोकवर्गणीची अट असायची. कागदावर फार चांगली अट. ज्याने पैसे घातले तो योजना जपेल, असा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात एका गावात मी वर्गणीच्या पावत्या चाळत बसले होते. सगळ्या पावत्या एकाच दिवशी, एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेल्या. नावं मात्र गावातली दीडशे. ठेकेदाराने सगळ्यांचे पैसे स्वतःच भरले होते आणि ते कामातून वसूल करायचे होते. टाकी झाली, उद्घाटन झालं, पुढच्या उन्हाळ्यात बायका पुन्हा हंडे घेऊन शेतातल्या विहिरीवर. लोकांचा सहभाग म्हणजे नेमकं काय, हे त्या पावत्यांनी मला जितकं शिकवलं तितकं कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. त्या दीडशे माणसांना कुणी विचारलंच नव्हतं.

बेलमध्ये लाइनीचे टप्पे पाडून ते कुटुंबांना वाटून दिले होते. ज्याच्या वाट्याचा टप्पा त्याने पुरा करायचा. लोक येतील का, यावर अनेकांनी शंका घेतली होती. लोक आले. बाप्ये आले, बायका आल्या, म्हातारी माणसं आली, शाळकरी पोरं आली. कुणी चर खणला, कुणी पाइप जोडले, कुणी सगळ्यांचं जेवण रांधलं. आपल्याकडे श्रमदान म्हणतात तसली पद्धत चेरोकींमध्ये फार जुनी, गदुगी नावाची. आजारी माणसाचं शेत गावाने मिळून पेरायचं, म्हाताऱ्या बाईचं सरपण सगळ्यांनी तोडून द्यायचं. विल्माने नवं काही आणलं नाही. जे होतं आणि मधल्या काळात मोडलं होतं, त्यावरची माती झाडली. वीसेक घरंही लोकांनी अशीच मिळून दुरुस्त केली. ज्यांना परक्यांनी 'काही करत नाहीत' म्हटलं होतं, त्यांच्या दारात पाणी आलं ते त्यांनी स्वतः टाकलेल्या पाइपातून. एका मोठ्या अमेरिकी वाहिनीने येऊन त्यांचं चित्रणसुद्धा केलं.

माझ्या मते विल्मा मॅनकिलरची सगळी कारकीर्द या चरात आहे. नंतर ती जे काही झाली, ते हेच काम मोठ्या पातळीवर करत राहिली.

तत्कालीन प्रमुख रॉस स्विमर हे पेशाने बँकवाले, रिपब्लिकन, विल्माच्या विचारांशी फारसं न जुळणारे. पण बेलचं काम त्यांनी पाहिलं होतं. १९८३च्या निवडणुकीत त्यांनी तिला उपप्रमुखपदासाठी उभं केलं. आपल्या विचारांवर, धोरणांवर टीका होईल अशी तिने तयारी केली होती. टीका झाली ती एकाच गोष्टीवर, ती बाई आहे. बाईला वर बसवलं तर बाकीच्या जमाती आपल्याला हसतील, असं लोक म्हणाले. तिच्या गाडीचे टायर फाडले, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. एका मिरवणुकीत कुणीतरी गर्दीतून बोटांची बंदूक करून तिच्यावर रोखली. आणि हे कुठल्या समाजात? जिथे कूळ आईकडून चालतं, जिथे अठराव्या शतकात नान्ये-हीसारखी स्त्री लढाई आणि तहाच्या मसलतीत बसायची. बायकांना घरात बसवणं हे चेरोकींनी गोऱ्या शेजाऱ्यांकडून उचललं, हे विल्मा पुढे ठणकावून सांगत राहिली.

त्या प्रचाराच्या दिवसांत चहाच्या खोक्यावर छापलेलं एक वाक्य तिच्या वाचनात आलं. मूर्खाशी वाद घालू नये, कारण वाटेने जाणाऱ्याला दोघांतला मूर्ख कोण ते कळत नाही. तिने ठरवून टाकलं की बाई असण्यावर एक शब्द बोलायचा नाही. घरोघर जाऊन पाणी, घरं, दवाखाने, शाळा एवढंच बोलत राहिली. निवडून आली.

१९८५ साली स्विमर वॉशिंग्टनला मोठ्या पदावर गेले आणि डिसेंबरात विल्मा प्रमुख झाली. अनेकांना वाटलं, ही तर ओघाने मिळालेली खुर्ची. १९८७ साली ती स्वतःच्या नावावर उभी राहिली, प्रचाराच्या ऐन धामधुमीत मूत्रपिंडाच्या दुखण्याने इस्पितळात पडली. फेरमतदानात ५६ टक्के मतं मिळवून जिंकली. १९९१ साली सुमारे ८३ टक्के मतं मिळाली. मधल्या काळात तिने चार्ली सोपशी लग्न केलं होतं, आणि १९९० साली थोरल्या भावाने, डॉनने, तिला आपलं एक मूत्रपिंड दिलं होतं.

तिच्या दहा वर्षांत चेरोकी नेशनची नागरिकसंख्या दुपटीहून जास्त वाढली. खेड्यापाड्यांत दवाखाने निघाले, बालवाड्या वाढल्या, न्यायव्यवस्था पुन्हा उभी राहिली. पण मला सगळ्यात मोठी वाटते ती १९९० सालची गोष्ट. वॉशिंग्टनशी स्वशासनाचा करार झाला. चेरोकींसाठी येणारा केंद्राचा पैसा कसा खर्चायचा, हे आता ब्युरो ठरवणार नव्हतं, चेरोकी ठरवणार होते. ज्या ब्युरोने दहा वर्षांच्या पोरीला न विचारता गाडीत बसवलं, त्याच ब्युरोच्या हातातून तिने हिशेबाची वही काढून घेतली. ती स्वतः असं कधी बोलली नसेल. मी बोलते, कारण ते वाचून मला फार आनंद झाला होता.

इथपर्यंत लिहून थांबले असते तर बरं वाटलं असतं. पण जिला मी इतकं मानते, तिच्याबद्दल अर्धंच सांगणं मला जमणार नाही.

चेरोकींमधले काही सधन लोक काळे गुलाम बाळगत होते. ट्रेल ऑफ टिअर्सवर मालकांबरोबर गुलामही चालले. १८६३ साली चेरोकी नेशनने गुलामगिरी रद्द केली आणि १८६६च्या तहाने मुक्त झालेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना चेरोकी नागरिकांचे सगळे हक्क दिले. पुढे सरकारी नोंदवहीत मात्र दोन याद्या झाल्या, 'रक्ताने चेरोकी' आणि 'मुक्त केलेले'. या दुसऱ्या यादीतल्यांच्या वंशजांना फ्रीडमेन म्हणतात. १९८३ साली, स्विमर यांच्या कारकिर्दीत, त्यांचा मताचा हक्क काढून घेतला गेला. आणि १९९२ साली कौन्सिलने रक्ताचा दाखला नसेल तर नागरिकत्व नाही असा कायदा एकमताने केला, त्यावर सही विल्मा मॅनकिलरची आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. ते पान मराठी माणसाने वाचलेलं असतं. जन्मावरून कोण आपलं आणि कोण परकं हे ठरवणाऱ्या समाजात आम्ही वाढलो. त्यामुळे ही सही मला नजरेआड करता येत नाही. तिच्या बाजूने बोलणारे म्हणतात, सरकारने आमचं अस्तित्व पुसायला शतकभर प्रयत्न केले, मग आपले कोण हे ठरवायचा हक्क तरी आमच्याकडे असावा. त्या हक्काचं मोल मला कळतं. पण तो हक्क बजावताना ज्यांना दाराबाहेर ठेवलं, त्यांचे पूर्वज त्याच वाटेवर चालत आले होते, त्याच थंडीत मेले होते. बेलमध्ये जिने प्रत्येक ओट्यावर जाऊन विचारलं, तिने या माणसांना विचारायला हवं होतं. ते तिने केलं नाही, आणि ही तिच्या कामातली खरी उणीव आहे असं मी मानते. तिचं बाकीचं काम त्याने खोटं ठरत नाही, पण तेवढ्याने ही सहीही पुसली जात नाही.

१९९५ साली प्रकृतीमुळे तिने पुन्हा उभं राहायचं नाकारलं. मग कर्करोग, दुसऱ्यांदा मूत्रपिंड बदलणं, पुन्हा कर्करोग. १९९८ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. ती व्याख्यानं देत राहिली, लिहीत राहिली. शेवटच्या आजाराची बातमी २०१०च्या मार्चमध्ये तिने स्वतः निवेदन काढून दिली आणि आपली तयारी झाली आहे असं कळवलं. ६ एप्रिलला मॅनकिलर फ्लॅट्सवरच्या घरी ती गेली. वय ६४. २०२२ साली अमेरिकी सरकारने पाव डॉलरच्या नाण्यावर तिचं चित्र छापलं. शेजारी सेक्वोयाच्या लिपीत 'चेरोकी नेशन' अशी अक्षरं आहेत.

नाण्यापेक्षा मला त्याच्या आदल्या वर्षातल्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. २०१७ साली अमेरिकी न्यायालयाने १८६६चा तह उचलून धरत फ्रीडमेनच्या बाजूने निकाल दिला होता. २०२१च्या फेब्रुवारीत चेरोकींच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या संविधानातून 'रक्ताने' हा शब्द काढून टाकला. या लढ्यात वर्षानुवर्षं पुढे राहिलेल्या मॅरिलिन व्हॅन यांची त्याच वर्षी चेरोकी नेशनच्या पर्यावरण आयोगावर नेमणूक झाली.

आणि त्याच वर्षी चेरोकी नेशनने एक कायदा केला. आपल्या चौदा काउंट्यांमध्ये अजूनही कोणत्या घरांना पिण्याचं धड पाणी मिळत नाही ते शोधून काढायचं, आणि त्यासाठी दर वर्षी पैसा बाजूला ठेवायचा. कायद्याला नाव दिलंय विल्मा मॅनकिलर आणि चार्ली सोप या दोघांचं.